साडेतीन इंच

३ मार्च

काडी,

हे कामाचं पत्र आहे. सहा वर्षांनी लिहितेय म्हणून वर 'प्रिय' वगैरे घालीन असं वाटलं असेल तर विसर. घातलं असतं तर तूच म्हणाली असतीस, झाली ताईची नाटकं सुरू.

तर काम असं. तुमच्या बस डेपोच्या युनिफॉर्मचं काम यंदा आमच्या दुकानाला मिळालं. बेचाळीस जणांचे कोट. काल डेपोच्या क्लार्कने यादी पाठवली. मी चष्मा लावून बसले, तुझे भावजी समोर काजं करत होते, आणि एकेक ओळ वाचून मी कापडाचा अंदाज काढत होते. सतराव्या ओळीवर तुझं नाव. माहेरच्या आडनावासकट. पुढच्या रकान्यात हुद्दा: मुख्य प्रशिक्षक, चालक विभाग.

आधी वाटलं, याच नावाची दुसरी कुणी असेल. मग माप पाहिलं. खांदा साडेचौदा आणि बाही तेवीस. एवढ्याशा खांद्याला एवढा लांब हात आपल्या घरातच असतो, आईचा होता, माझा आहे. म्हटलं, ही आमचीच.

यादी भावजींच्या हातात दिली आणि म्हटलं, सतरावी ओळ वाचा, मोठ्याने. त्यांनी वाचली. म्हटलं, परत. परत वाचली. तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, पाठ झाली आता." मला काय वाटलं ते कसं सांगू? बस चालवणारी नाही, चालवणाऱ्यांना शिकवणारी, आणि त्यांच्यातली मुख्य. बेचाळिसांत बायका चार, आणि हुद्देवाली एकच. मी नीट पाहिलंय. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होतीस, माझ्या पाठीमागे लपून उभी राहायचीस. सायकल शिकताना मला मागे बसवून थेट भाजीवाल्याच्या टोपल्यांत नेऊन घातलंस. आणि आता ही बाई लोकांना बस शिकवते. दिवसभर मी ज्याला त्याला सांगत सुटले. इस्त्रीवाल्यालाही सांगितलं, त्याने विचारलंही नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. यादीत तुझी कंबर सव्वीस लिहिलीय. हे तुझं सात वर्षांपूर्वीचं माप आहे, माझ्याच वहीतलं. तेहतिसाव्या वर्षी, दिवसभर स्टेअरिंगमागे बसून, कुणाची कंबर सव्वीस राहत नाही. मला टोमणा मारायला लिहिलंस का? मारायचाच असेल तर फोन करून मार, माझं कापड वाया घालवू नकोस. प्रशिक्षकाच्या कोटाला अस्तर असतं, बाहीवर तीन पट्ट्या असतात. तो कोट मी कुणाच्या हाती देणार नाही, स्वतः बेतणार आहे. खरं माप कळव.

आणि एक. मापाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तेव्हाही माझी टेप चुकलेली नव्हती.

ताई


१९ मार्च

काडी,

तुझं उत्तर आलं नाही, पण क्लार्कचा फोन आला. "मास्तरीणबाई, सतरा नंबरच्या मॅडम म्हणतात, जे लिहिलंय ते शिवा." म्हणजे पत्र मिळालं. वाचलंस. आणि सव्वीसवर अडून बसलीस. हट्टीपणात माझ्यावर गेलीस, तेवढं तरी घेतलंस माझ्याकडून.

मग ऐक आता. तू त्या दिवसाची तुझी बाजू घेऊन निघून गेलीस, माझी कुणी विचारलीच नाही.

तू मुलाखतीला पँट-शर्ट शिवायला आली होतीस. जुनी पँट बसत नाही म्हणालीस. कसली मुलाखत ते सांगितलं नाहीस, "ऑफिसातली" म्हणालीस. बसच्या चालकांची भरती होती हे मला फार नंतर कळलं. तुझ्याबरोबर तुझ्या सासूबाई होत्या, आमच्या विहीणबाई, त्यांना स्वतःचे दोन कपडे टाकायचे होते. त्या कटिंगच्या टेबलाशी स्टुलावर बसल्या. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, शनिवार होता.

आमची पद्धत तुला माहीत आहे. मी टेप लावते आणि आकडा मोठ्याने सांगते, भावजी पलीकडून वहीत लिहितात. तीस वर्षं असंच चाललंय, आकडा चुकू नये म्हणून. छाती सांगितली, दीड इंच जास्त. कंबर लावली. साडेएकोणतीस. आठ महिन्यांपूर्वी मीच सव्वीस घेतली होती. साडेतीन इंच. मी काय आज टेप धरतेय? शाळेतल्या बाईंचं, बँकेतल्या त्या पोरीचं, आपल्या घरमालकाच्या सुनेचं, अकरा बायकांचं मी त्यांच्या नवऱ्याच्या आधी ओळखलंय. आधी छाती, मग कंबर. अकराच्या अकरा बरोबर निघाल्या. लोक उगाच नाही म्हणत, मास्तरीणबाईंच्या हातात डोळे आहेत.

म्हणून मी म्हटलं, "विहीणबाई, तयारीला लागा. नातवंड येतंय."

त्यांना काय आनंद झाला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्या डोळ्यांत तेल घालून वाट बघत होत्या. स्टुलावरून उठून त्यांनी तुझी अलाबला घेतली. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं लाजलीस.

आठ दिवसांनी त्या एकट्या आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "ती म्हणते, असं काही नव्हतंच. तिच्या पर्समध्ये दवाखान्याचं कार्ड सापडलं. मूल होऊ नये म्हणून इंजेक्शनं घेत होती. मग तुम्ही म्हणालात ते काय?" आणि मी म्हटलं, "माझं माप चुकत नाही. होतं तर होतं."

काडी, मी एवढंच म्हणाले. पुढचं त्यांनी जोडलं. होतं आणि आता नाही, म्हणजे पोरीने काढून टाकलं. ते शब्द माझे नव्हते. तुझ्या नवऱ्याने हात वर केले, म्हणाला, मला यातलं काही ठाऊक नाही. तू एक बॅग घेऊन बाहेर पडलीस आणि माझ्याकडे येण्याऐवजी परगावच्या गाडीत बसलीस. मी बसस्टँडवर धावत आले होते. तू खिडकीची काच वर ओढून घेतलीस.

माणूस जे हाताला लागतं तेच सांगतं. मी खोटं बोलले नाही. हे तुला एकदा समजायला हवं होतं.

बाकीचे एकेचाळीस कोट बेतून झाले. तुझं कापड बाजूला ठेवलंय.

ताई


११ एप्रिल

काडी,

मागचं पत्र फाडून टाक. जपून ठेवलं असशील तर आधी हे वाच आणि मग फाड.

परवा दुकानात एक नर्स आली. बायकांच्या दवाखान्यात काम करते, तिशीची असेल, तोंडाने फटकळ. वर्षापूर्वी मीच तिला चार पांढरे कोट शिवले होते. म्हणाली, "बसत नाहीत हो, बटणं तुटायला आली." मी टेप लावली. छाती दीड इंच, कंबर तीनच्या वर. माझी जीभ वळवळली. भावजी पलीकडे पेन धरून बसलेले, दुकानात दोघीजणी आणखी. नर्सने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायला लागली. "काय मास्तरीणबाई, विचारायचंय ना? नाही हो, पोटात कुणी नाही. इंजेक्शन घेते मी, दर तीन महिन्यांनी, मूल नको म्हणून. माझ्या अंगावर चढलं ते."

ती आपली सांगतच होती, जसं काही हवापाण्यावर बोलतेय. म्हणाली, "माझ्याबरोबरची एक तेच घेते, तिचं गुंजभर वाढलं नाही. कुणाचं वाढतं, कुणाचं नाही. माझं इंजेक्शनने वाढलं का ड्युटीवर उभ्याउभ्या काहीबाही खाण्याने, देव जाणे. बायका घाबरून येतात आमच्याकडे. आम्ही वजन करतो, सगळं विचारतो, नाहीच सोसलं तर दुसरा उपाय सांगतो. पण नुसतं बघून कुणाच्या पोटात काय आहे ते आम्हीसुद्धा सांगत नाही. तुमच्या टेपला काय कळणार?"

बाकीच्या बायका हसल्या, मीपण हसले. कोटाचं माप घेतलं, कापड दाखवलं, तारीख दिली. ती गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन बसले. भावजी चहा घेऊन आले आणि काही न विचारता ठेवून गेले. त्यांच्या त्या न विचारण्याचा मला सहा वर्षं राग येतोय.

आता जे लिहिते ते मी भावजींनाही सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी कंबरेला टेप लावली आणि आकडा बघितला, तेव्हा तू माझं मनगट धरलं होतंस. घट्ट. टेपच्या खाली, कुणाला दिसणार नाही असं. तुझे डोळे सांगत होते, ताई, बोलू नकोस. मला ते कळलं होतं. तू लाजली नव्हतीस. लाजणारी माणसं असं मनगट धरत नाहीत.

तरी मी बोलले. का ते सांगते. पाच मिनिटं आधी विहीणबाई माझ्या भिंतीवरचा पोपडा बघत म्हणाल्या होत्या, "आम्ही एरवी मोठ्या दुकानात टाकतो कपडे, इथे आपलं नात्यासाठी." ते मला झोंबलं. मला त्यांना दाखवायचं होतं की या पोपडे उडालेल्या दुकानात जी बाई उभी आहे तिच्या हाताला काय कळतं. त्यासाठी तुझ्या कंबरेचा आकडा वापरला. एवढीच गोष्ट आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी.

आणि दुसरं याहून वाईट आहे. आठ दिवसांनी विहीणबाई आल्या तेव्हा ते दवाखान्याचं कार्ड त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते टेबलावर आपटलं. मला वाचता येतं. पहिल्या इंजेक्शनची तारीख आठ महिन्यांपूर्वीची, दुसरं त्यानंतर तीन महिन्यांनी, तिसरं वेळच्या वेळी. एकही चुकलेलं नाही. तू कामात कधी चालढकल केली नाहीस, यातही नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं, काडी. काही नव्हतं. माझं ओळखणं चुकलं होतं, बाराव्या वेळी.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचे कान माझ्याकडे. मी म्हणायला हवं होतं, विहीणबाई, मी चुकले. तीन शब्द. त्याऐवजी म्हणाले, होतं तर होतं. 'काढून टाकलं' हे त्यांनी म्हटलं, पण ते म्हणायची वाट मी करून दिली. तुझ्यावर तो आळ आला तो माझ्या टेपची अब्रू राखायला. तू जगापुढे तशी ठरलीस आणि मी अकरा बायकांचं ओळखणारी मास्तरीण राहिले. सहा वर्षं मिरवलं मी ते.

'मी खोटं बोलले नाही' असं मागच्या पत्रात लिहिलं ना, ते लिहितानाही मला माहीत होतं. हातच कसा चालला कोण जाणे.

हे वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही. नको बघूस. पण ज्यांना मी खोटं सांगितलं त्यांना खरं सांगणं माझ्याकडे लागतं. ते केल्याशिवाय तुझ्या कोटाच्या कापडाला कात्री लावणार नाही, असं ठरवलंय.

ताई


२ मे

काडी,

विहीणबाईंकडे जाऊन आले.

आधी वाटलं फोन करावा. मग म्हटलं, बोलताना तोंड समोर होतं तर शब्द फिरवतानाही समोर असू दे. त्या आता दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा बदलीच्या गावी असतो, दुसरं लग्न केलंय त्याने. गुडघे गेलेत त्यांचे, दार उघडायला इतका वेळ लागला की मी दोनदा परत फिरले होते. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही?" आणि दारातच उभ्या राहिल्या.

मी आत जायची वाट बघितली नाही. म्हटलं, "विहीणबाई, माझ्या बहिणीला तेव्हा दिवस गेलेले नव्हते. कार्डावरच्या तारखा मी वाचल्या होत्या. मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले, दुकानात लोक होते म्हणून."

त्या दाराला धरून उभ्या. म्हणाल्या, "तिचं अंग भरलं होतं ते?"

"इंजेक्शनचं असेल. काहींना होतं तसं."

"मी तिला काय काय बोलले. सगळ्या नात्यात सांगितलं."

"हो."

"तुम्ही म्हणालात म्हणून. आईच्या जागी होता तुम्ही तिच्या. मला वाटलं, सख्खी बहीण कशाला खोटं सांगेल?"

मग त्या चिडल्या. म्हणाल्या, तरीसुद्धा तिने लपवून इंजेक्शनं घ्यायला नको होती, मला सांगायचं होतं. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर घेऊ दिली असती का तुम्ही?" बाई खोटारडी नाही, माझ्यासारखी. म्हणाल्या, "नसती दिली." मग मला आत बोलावलं, पाणी दिलं. उठताना मी म्हटलं, सगळ्या नात्यात ते सांगितलंत, आता हेही सांगा. म्हणाल्या, "सांगेन. तुमचं नाव घेऊन सांगेन." म्हटलं, घ्या.

आणि शनिवारी, दुकान भरलेलं असताना, बँकेतली ती पोर आली. आता दोन मुलांची आई आहे. कौतुकाने सगळ्यांना सांगायला लागली की यांनी माझं कसं आधीच ओळखलं होतं. एरवी मी फुगले असते. म्हटलं, "अकरा वेळा बरोबर आलं, बाराव्या वेळी माझ्या बहिणीचं चुकलं. चुकलं हे कळूनही मी मान्य केलं नाही, आणि तिचा संसार मोडला." भावजींनी मशीन थांबवलं. पोर कावरीबावरी झाली, बिचारीला कशाला त्यात ओढलं असं झालं मला. पण सांगून टाकलं.

सगळी गेल्यावर भावजी म्हणाले, "सहा वर्षं लागली." एवढंच. मग म्हणाले, "तारखा मीपण वाचल्या होत्या." आम्ही दोघं तिथे टेबलाशी बसून राहिलो. त्यांच्यावर रागावू का स्वतःवर ते मला कळेना.

आता मी आकडा मोठ्याने सांगत नाही. स्वतःच वहीत लिहिते, बाईला दाखवते आणि वही मिटते. भावजी म्हणतात कामाला वेळ लागतो. लागू दे.

तुझा कोट आज पार्सलने पाठवला. क्लार्कच्या हाती दिला नाही, तुझ्या नावावर आहे. सव्वीसवर शिवला नाही, खरं माप मला माहीत नाही. म्हणून खांदे, कॉलर, बाह्या, पट्ट्या, अस्तर सगळं पक्कं केलंय आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींना आत भरपूर जादा कापडाची माया ठेवून नुसती कच्ची टीप घातलीय. तिथल्या कुठल्याही शिंप्याकडे ने, अंगात घालून बाजू बसवून घे. माझ्या हातचं काम दुसऱ्या शिंप्याने पुरं करावं हे मी जन्मात कुणाला करू दिलेलं नाही. तुला करू देते.

मी माफी मागत नाही. मागितली की द्यायची का नाही याची डोकेदुखी तुला. एकच सांगते. एक बॅग घेऊन अनोळखी गावात गेलीस, कुणाचा आधार नाही, वर बहिणीने डोक्यावर आळ ठेवलेला, आणि त्यातून उठून आज तू शिकवतेस. मला तुझा इतका अभिमान वाटतो की लाजच वाटते, कारण त्यात माझा काडीचाही हात नाही. उलट माझ्या हाताला पुरून उरून तू हे केलंस. तरी वाटतो. काय करू?

ताई


१६ मे

ताई,

चारही पत्रं मिळाली. फाड म्हणालीस ते फाडलं नाही. तू खोटं बोलताना कशी लिहितेस ते माझ्याकडे पुराव्याला असू दे.

सासूबाईंचा फोन आला होता. नंबर कुठून काढला कोण जाणे. आधी रडल्या, मग मला रागावल्या, मग परत रडल्या. मी त्यांना म्हटलं, मला तुमचा राग नाही, तुम्ही जे ऐकलंत ते खरं मानलंत. हे पूर्ण खरं नाही, थोडा आहे. पण त्यांचे गुडघे दुखतात आणि फोन त्यांनी उभ्याने केला होता, म्हणून तेवढंच म्हटलं.

आता तुला एक गोष्ट सांगते, तुला माहीत नसलेली. पहिल्या इंजेक्शनला माझ्याबरोबर तो आला होता. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसला होता, बाहेर आल्यावर त्याने मला थंड पाणी आणून दिलं. दोन वर्षं मूल नको, तुझी नोकरी लागू दे, हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. घरात आरडाओरडा झाला तेव्हा तो म्हणाला, मला यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा माझं घर मोडलं. तू संसार मोडलास असं भर दुकानात सांगितलंस म्हणे. तू इथेही उगाच मोठेपणा घेतेस. संसार त्याने मोडला, गप्प बसून. पण त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. तुझं वाटलं. त्याचं गप्प बसणं मी वर्षभरात पचवलं. तुझं बोलणं नाही पचलं. मी बसच्या खिडकीची काच ओढली कारण मी रडत होते आणि तुला ते दिसायला नको होतं. तुला मी काही द्यायला तयार नव्हते, रडणंसुद्धा.

त्या दिवसानंतर मी कुणालाही माप दिलेलं नाही. तयार कपडे घेते, लागेल तो साइज उचलते. डेपोच्या फॉर्मवर कंबरेचा रकाना आला तेव्हा क्लार्क टेप घेऊन उभा होता. मी त्याला म्हटलं, लांब हो, मला पाठ आहे. आणि आठवलं ते लिहिलं. टोमणा नव्हता. तुमच्या दुकानाला काम मिळालंय हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. सगळं तुझ्यावरून चालत नाही, ताई.

वजनाचं विचारशील म्हणून सांगते. तिथून निघाले तशी इंजेक्शनं बंद केली. वर्षभरात तीन किलो उतरले, चार राहिले, पुढे आणखी दोन आले. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनचं असेल, दिवसभर बसून राहण्याचंही असेल, वयाचंही असेल. पहिल्या वर्षी मी आरशासमोर उभी राहायची नाही. वाटायचं, या अंगानेच माझं सगळं उघडं पाडलं. आता बारा टनांची बस वळणावरून अंगठ्याएवढ्या अंतराने काढते आणि मागे बसलेल्या शिकाऊ पोरी श्वास रोखून बघतात. त्यांच्यातली एक परवा दबकत विचारत होती, मॅडम, मी गोळ्या सुरू केल्यात, आता जाड होईन का? मी म्हटलं, होशील कदाचित, कदाचित नाही होणार, डॉक्टरांना विचार, मला नको विचारूस. आणि जाड झालीस तरी ब्रेकपर्यंत पाय पोचतोय ना? मग गाडी काढ.

काडी म्हणायचं सोडू नकोस. इथे मला कुणी तसं म्हणत नाही. म्हटलं तर हसतील.

कोट आला. शिंप्याकडे नेला नाही. अंगात घालून बाजू मीच टाचल्या आणि शेजारणीच्या मशीनवर टीप मारली. एक बाजू वाकडी गेलीय. आतून आहे, बाहेरून दिसत नाही. कंबर किती निघाली ते तुला सांगणार नाही.

एकोणतीस तारखेला सकाळी दहाला डेपोत माझ्या पहिल्या तुकडीच्या सहा बायकांना परवाने मिळणार आहेत. मी तो कोट घालणार आहे. भावजींना घेऊन ये. पुढच्या रांगेत बसा, मी जागा धरून ठेवते. लोक विचारतील, या कोण. ते मी सांगेन. तू काही सांगू नकोस.

काडी